एक नंबर पापलेट

मासा ताजा आहे की शिळा, हे मला वासावरून कळत नाही.

परबांच्या घरात इतकी वर्षं काढून मी हे सांगते आहे, यावरून माझी प्रगती लक्षात यावी. माझं माहेर वाईचं. आमच्याकडे ‘अंडं’ हा शब्दसुद्धा दार लोटून घेऊन उच्चारायचे. तिथून उचलून मला बोरिवलीत अशा घरात आणून टाकलं, जिथे रविवारी काय खायचं याची चर्चा बुधवारी सुरू होते. सुरुवातीला सगळ्या माशांना मला एकच वास यायचा, माशाचा! सासूबाई म्हणायच्या, “ताज्या म्हावऱ्याक वास नसता गो.” मी मनात म्हणायचे, मग हा येतोय तो काय मोगऱ्याचा? पुढे मी मासे खायला शिकले, करायला शिकले, काटे काढण्यात तर नवऱ्याला मागे टाकलं. पण नाक काही मालवणी झालं नाही. ते वाईचं ते वाईचंच राहिलं.

इतकी वर्षं त्यावाचून अडलंही नाही. कोणी पाहुणे येणार असले की मासे सासूबाईच करायच्या आणि मी बटाट्याची भाजी. (तिचं कौतुक व्हायचं. “भाजी बरी झालीय हां वैशाली,” असं म्हणत सगळे माशाची कढी दुसऱ्यांदा घ्यायचे.) माझ्या मोठ्या नणंदबाई, सुरेखाताई, मुलुंडला असतात. त्यांनी तर माझ्या हातचा मासा कधी चाखलाच नव्हता. तसं त्या बोलून दाखवत नसत. पण मी हातात उलथनं घेतलं की त्या आईंकडे बघायच्या.

आणि गेल्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, मुग्धाचं लग्न होतं. केळवण मामाकडे, म्हणजे आमच्याकडे. सासूबाई लग्नाच्या तयारीसाठी मुलुंडलाच मुक्कामाला होत्या. एक दिवस तिथूनच फोन आला, स्पीकरवर.

“मामी, मला तुझ्या हातचं पापलेट खायचंय,” मुग्धा म्हणाली.

“अगं, तिला कशाला त्रास? आजी आदल्या दिवशी येईल ना,” मागून सुरेखाताई.

“नाही हं, सगळं मामीच करणार!”

“करते की!” मी म्हणाले. कोण बोललं ते मला कळायच्या आत मीच बोलले होते.

फोन ठेवला आणि कॅलेंडर बघितलं. केळवण रविवारी आणि लग्न त्याच्या पुढच्या रविवारी. एका पापलेटाने दगा दिला की नवरी बोहल्याऐवजी सलाईनवर! आणि मग जन्मभर माझी ओळख काय? ‘ती वाईची. हो, तीच. मुग्धाच्या लग्नाच्या वेळची.’

मी शनिवारीच बाजार केला. शनिवारी अर्धी बोरिवली मारुतीची असते, त्यामुळे मासळीबाजारात जरा हलकं असतं. आमची नेहमीची कोळीण, पारूमावशी, तिने टोपलीतनं चांगली हातभर... बरं, वीतभर, पापलेटं काढून दिली. साफ करताना तिने विचारलं, “डोकी ठेवू ना गो कढीला?”

“नको, तूच घे. ते डोळे माझ्याकडे बघतात.”

मावशीने माझ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा पापलेटाचे डोळे परवडले असते.

घरी येऊन तुकड्यांना हळद, मीठ, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ लावलं. मोठ्ठा स्टीलचा डबा भरला. फ्रिजमध्ये आधीच श्रीखंडाचं पातेलं, दोन नारळांचं दूध, कोथिंबिरीची जुडी, भिजवलेले काजू असा सगळा गाव जमलेला होता. त्या गर्दीत डबा कसाबसा घुसवला. बाहेर मे महिना नुसता भाजत होता. मनात आलं, आज फ्रिज जरा जास्त थंड करून ठेवावा.

आमचा फ्रिज जुना, एका दाराचा. आत थंडाव्याचं गोल बटण आहे, त्याच्यावर एकपासून सातपर्यंत आकडे. मी त्याला कधी हात लावत नाही, ते कायम मधोमध असतं. बाहेर हॉलमध्ये माझा नवरा नितीन मॅच बघत बसला होता. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “अरे नितीन, फ्रिज एकदम थंड करायचा तर किती नंबरवर ठेवू?”

“एक नंबर!” नितीन ओरडला.

मी एकवर केलं. वाटलं, बरोबरच आहे. शाळेत पहिला नंबर, बँकेत पहिला नंबर, आपल्याकडे पहिल्याच्या वर काय असतं?

रविवारी सकाळी चहासाठी दूध काढलं आणि पिशवी हाताला लागली ती चक्क कोमट. पाण्याची बाटली कोमट. बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी डुचमळत होतं. लोण्याने आकार सोडून वाटीत बैठक मारली होती. मी डब्याला हात लावला. तोही तसाच!

“नितीन! फ्रिज गेला!”

नितीन नाक पुसत आला. त्याला आदल्या दिवसापासून सणसणीत सर्दी. त्याने फ्रिजला कान लावला आणि डोळे मिटले.

“गॅस गेलाय,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“आवाजावरून.”

“कसला आवाज येतोय?”

“येतच नाहीये ना! म्हणून तर म्हणतोय.”

ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो गावी गेला होता, लग्नाला. (मे महिन्यात आख्ख्या मुंबईत कोणाचं ना कोणाचं लग्नच असतं.) कंपनीच्या नंबरवर एक बाई अत्यंत गोड आवाजात सांगत राहिली की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. माझ्यासाठीही होता हो! शेवटी त्यांनी मंगळवारची वेळ दिली.

“मंगळवारी काय फ्रिजचं केळवण करू?” मी फोनवरच रडकुंडीला आले.

समोरच्या बिऱ्हाडाच्या फ्रिजमध्ये कांदा-लसूणही जात नाही, तिथे पापलेट ठेवायला विचारणं म्हणजे शेजार मोडणं. खालच्या मजल्यावर रेगेकाका राहतात. ते सोसायटीचे सेक्रेटरी. लिफ्ट, मोटर, पाण्याची टाकी, कोणाचं काहीही बिघडलं की ते हातात टॉर्च घेऊन हजर होतात. आजवर त्यांनी काही दुरुस्त केल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही, पण टॉर्च फार चांगला आहे. आमची आरडाओरड ऐकून ते न बोलावता वर आले.

“रबर गेलं असणार,” ते दारातूनच म्हणाले. “दाराचं रबर. गार हवा बाहेर जाते. एक कागद द्या, आत्ता दाखवतो. दारात कागद धरायचा, दार लावायचं, कागद ओढायचा. सटकन बाहेर आला की समजा रबर ढिलं!”

मी कागद शोधेपर्यंत काकांनी फ्रिजवर ठेवलेला एक जाड कागद उचलला, दारात धरला, दार लावलं आणि दोन्ही हातांनी ओढला.

टर्रर्र!

“रबर चांगलंय,” काका समाधानाने म्हणाले.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हातात गणपतीबाप्पा होते. खाली ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढंच. मुग्धा आणि जावईबापू दाराच्या फटीत अडकले होते!

“काका! ही पत्रिका आहे!”

“अरेरे,” काका म्हणाले. “तरी म्हटलं कागद भारी आहे.”

लग्नाच्या तोंडावर पत्रिका फाटली. मी देवाला हात जोडले, दोन्ही तुकडे आधी देवासमोर ठेवले, मग सुरेखाताईंची आठवण होऊन कपाटात लपवले. परत आले तर काका टॉर्च घेऊन फ्रिजच्या आत शिरले होते, कमरेपर्यंत.

“हे मधलं लाल बटण कसलं हो?”

“काका, त्याला हात...”

टक्!

“लावू नका” हे माझे शब्द नंतर बाहेर पडले. ते बर्फ वितळवायचं बटण होतं. ते दाबलं की सगळा बर्फ वितळेपर्यंत फ्रिज गार व्हायचा थांबतो. म्हणजे आधी आमचा फ्रिज थोडासा तरी गार होत होता. आता त्याने रीतसर रजा टाकली.

“आता काही होणार नाही,” नितीन म्हणाला. “बर्फ आणतो. डबा बर्फात ठेवू. कोळी लोक तसंच ठेवतात.”

तो स्कूटरवरून गेला आणि नाक्यावरच्या उसाच्या रसवाल्याकडून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. ती ठेवायची कशात? घरात तेवढं मोठं भांडं एकच, आंघोळीची बादली. मी ती राखेने, साबणाने, चिंचेने घासली. (चिंचेने का, ते विचारू नका. माणूस घाबरला की हाताला येईल ते घेतो.) बादलीत बर्फ, बर्फात डबा, बादली मोरीत आणि मोरीसमोर पाटावर मी, हातात पंखा. तो मी कोणाला घालत होते, मला की पापलेटांना, देव जाणे.

पण डबा गार करून खरा प्रश्न सुटत नव्हता. रात्रभर कोमट राहिलेला मासा चांगला आहे की गेलाय? मी झाकण उघडून वास घेतला. माशाचा वास आला!

“नितीन, तू घे वास. तू जन्मजात मालवणी.”

नितीनने डब्यात नाक घातलं, जोर लावून श्वास ओढला आणि सटासट शिंका दिल्या. मी डबा वेळेवर मागे घेतला म्हणून, नाहीतर प्रश्न तिथल्या तिथे मिटला असता.

“काय कळलं?”

“बाझं दाक बंद आहे गं.”

“रेगेकाका, तुम्ही बघा. तुम्हीही मासे खाणारे.”

काकांनी खेदाने मान हलवली. “कोविडपासून माझं नाक कामातून गेलंय. हिने फोडणी करपवली तरी मला कळत नाही. घरात शांतता आहे त्यामुळे.”

म्हणजे तीन माणसं, तीन नाकं आणि एकही चालू नाही! एक वाईचं, एक चोंदलेलं, एक निवृत्त. नाकं सगळी मुलुंडला, आणि ती दुपारी जेवायलाच येणार होती!

“मांजर!” नितीन एकदम म्हणाला. “ठमीला देऊ या. मांजराला बरोब्बर कळतं.”

ठमी ही सोसायटीची मांजर. वडापावसुद्धा खाते. तिला जिन्यात गाठून एक तुकडा पुढे ठेवला. आम्ही तिघं पायरीवर बसलो, दहावीच्या निकालाला बसावं तसे. ठमीने तुकडा हुंगला. माझ्याकडे पाहिलं. मग मागे सरकली आणि पाय चाटत बसली.

“गेला!” मी किंचाळले. “मासा गेला! मांजर खात नाही!”

हळद, मसाला आणि आगळ चोपडलेला मासा कुठलं मांजर खातं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी पारूमावशीला फोन लावला.

“मावशी, मासा खराब झालाय का ते कसं बघायचं?”

“डोला बघ. चकाकता हाय का?”

“डोकी नाहीत ना मावशी. तुलाच दिली.”

“हां,” मावशी म्हणाली. त्या एका ‘हां’मध्ये माझं सगळं शिक्षण निघालं. “मग कल्ले बघ, लाल हायत का?”

“तेही डोक्याबरोबर गेले.”

“अगो बाय माझे! मग आता मला इचारतंस काय? मीठ लावलंस ना?”

“लावलंय.”

“मिठाचा मासा असा एका रातीत मरत नाय. भ्या वाटतंय तर आनखी लाव थोडं. मीठ राखतं त्याला.”

आधार मिळाला! मी लगेच डबा उघडला आणि मूठभर मीठ तुकड्यांवरून सगळीकडे चोळलं. मग जरा शांत वाटलं म्हणून वाटाण्याची उसळ टाकायला गेले.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या जमिनीवर पाणी दिसलं. लाल बटणाने आपलं काम चोख केलं होतं. फ्रीझरच्या भिंतींवर वर्षभर साठलेला जाड बर्फ वितळून खालच्या ट्रेमधून ओसंडून ओट्याखालून हॉलकडे निघाला होता. हॉलमध्ये केळवणाची रांगोळी मी सकाळी उठल्या उठल्या घातली होती. पाहुण्यांच्या स्वागताला मोर काढला होता. त्याची शेपटी माझ्या डोळ्यांदेखत सोफ्याखाली वाहून गेली.

“पुसा! कोणीतरी पुसा!”

रेगेकाका टॉर्च घेऊन सोफ्याखाली शिरले. नितीन फडकं घेऊन फ्रिजसमोर गुडघ्यावर बसला. पुसता पुसता त्याने मान वर केली आणि फ्रिजच्या आत बघतच राहिला.

“वैशू, हे एकवर कोणी केलं?”

“मी. का?”

“एकवर? मे महिन्यात? अगं, एक म्हणजे सगळ्यात कमी थंड! सात म्हणजे जास्त!”

“तूच म्हणालास!”

“मी? कधी?”

“काल! मी विचारलं किती नंबरवर ठेवू, तू ओरडलास, एक नंबर!”

नितीन फडकं हातात घेऊन तसाच बसला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू कालची मॅच उतरली.

“अगं... ते मी सिक्सरला म्हणालो!”

“काय?”

“काय शॉट होता यार! मिड-विकेटवरून थेट प्रेक्षकांत. मी म्हटलं, एक नंबर! तू काही विचारत होतीस हे मला ऐकूच आलं नाही.”

म्हणजे फ्रिज ठणठणीत होता! गॅस, रबर, कंप्रेसर, सगळं जागच्या जागी होतं. कालपासून त्याला जेवढं सांगितलं तेवढं तो इमानाने करत होता. मी काहीतरी भयंकर बोलायला तोंड उघडलं आणि दाराची बेल वाजली.

मुलुंड आलं होतं!

सासूबाई पुढे, मागे सुरेखाताई, त्यांच्यामागे मेंदीचे कोन सांभाळत मुग्धा. दारातच आई थबकल्या. समोर ओली जमीन, बिनशेपटीचा मोर आणि सोफ्याखालून बाहेर आलेले रेगेकाकांचे पाय.

“काय झाला गो वैशू? तोंड असा कित्या केलंस?”

“काही नाही आई. लादी पुसत होतो.”

“हे कोण?” सुरेखाताईंनी पायांकडे बघत विचारलं.

“रेगेकाका. मदत करतायत.”

त्यांनी पर्स कुशीत धरली आणि पाय उचलून आत आल्या. मग त्यांनी आईंकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं.

मी स्वयंपाकघरात पळाले. नितीन मागोमाग. “आता काय करायचं? बाहेरून मागवू या का? पनीर?”

“परबांच्या केळवणाला पनीर! त्यापेक्षा मी वाईला निघून जाते.”

“मग तळ. तळलं की सगळं मरतं.”

मी तवा ठेवला. निम्मे तुकडे रव्यात घोळवून तळले. पहिला तुकडा नितीनला दिला. “चाख आणि खरं सांग.”

त्याने खाल्ला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“गरम आहे,” तो म्हणाला.

“आणि चव?”

“चव दाही कळत. दाक बंद आहे दा!”

मी स्वतः चाखणार होते. पण मलाच काही झालं तर पुढचं वाढणार कोण, असा विचार आला. (हा विचार तेव्हा मला अतिशय समंजस वाटला होता.) पानं मांडली. मुग्धाला पाटावर बसवलं, ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात ती इतकी गोड दिसत होती! लहानपणी सुट्टीत यायची ती, माझ्या कुशीत झोपायची. मी तिच्या पानात पापलेट वाढलं. तिने मोठ्ठा तुकडा मोडला, तोंडाशी नेला.

“थांब! खाऊ नकोस!”

मी तिच्या हातातला घास हिसकावून घेतला. तिच्या हातावर फटकाही बसला असावा. पाटावर बसलेल्या नवरीच्या तोंडचा घास, तोही केळवणाचा! सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मग माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं. फ्रिज, एक नंबर, सिक्सर, लाल बटण, मांजर, बादली...

“बादली कुठली?” सुरेखाताईंनी विचारलं.

“आंघोळीची. पण घासली होती हो ताई! चिंचेने!”

“आणखी काय?”

“पत्रिका फाटली,” मी हुंदका देऊन म्हणाले. ते खरं म्हणजे सांगायचं नव्हतं. “मासा चांगला आहे की नाही मला कळत नाही हो. मला कधीच कळत नव्हतं. मुग्धाला काही झालं असतं तर...”

मला वाटलं, आता सुरेखाताई उठतील आणि लेकीला घेऊन जातील. त्या उठल्या खऱ्या. माझ्या जवळ आल्या, माझ्या हातातला तो चुरगळलेला घास काढून ताटात ठेवला आणि आपल्या पदराने माझे डोळे पुसले.

“गप्प वाढलं असतंस तर मला कळलंसुद्धा नसतं गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीच्या तोंडातला घास काढलास ना, बरं केलंस.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं जवळ घेतलं नव्हतं. मी आणखीच रडायला लागले.

“रडतंस काय? हाड हंय तो मासो,” सासूबाई म्हणाल्या. ‘हाड हंय’ म्हणजे आण इकडे. त्यांनी एक तळलेला आणि डब्यातला एक कच्चा तुकडा मागवला. चष्मा काढून ठेवला. (वास घ्यायला चष्मा का काढावा लागतो ते त्यांनाच ठाऊक.) कच्चा तुकडा नाकाशी नेला, बोटाने दाबला, परत नाकाशी नेला. रेगेकाकांनीही टॉर्च छातीशी धरला. माझा जीव त्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला होता.

“मासो बरो आसा,” आई म्हणाल्या. “काय्येक झाला नाय तेका.”

घरात जल्लोष झाला! नितीन शिंकला. मुग्धा म्हणाली, “मामी, आता तरी खाऊ दे!” आणि तिने तोच मोठ्ठा तुकडा तोंडात घातला.

चावला. थांबली. डोळे मोठे झाले. ते मोठे डोळे पाण्याने भरले. आणि तिने हात लांब करून आपला पाण्याचा तांब्या संपवला, मग आईचा, मग आजीचा.

सुरेखाताईंनी चाखलं. त्या तोंड दाबून मोरीकडे गेल्या. शेवटी आईंनी एक कण जिभेवर ठेवला.

“ताजो आसा,” त्या म्हणाल्या. “इतको ताजो, की अजून दर्यातच आसा! मुलुंडातली मिठागरां रिकामी केलंस काय गो?”

“मी मावशीने सांगितलं म्हणून एकदाच आणखी घातलं हो,” मी म्हणाले.

“मीपण एकदाच,” नितीन पुटपुटला. “बर्फ घालताना. म्हटलं, सेफ.”

दारातून रेगेकाकांनी खाकरून घेतलं. “तुम्ही उसळीकडे होतात, तेव्हा मीही थोडं टाकलं. दोन वाट्या फक्त.”

मग आईंनी पदर खोचला. तळलेले तुकडे धुतले, नारळाच्या दुधात सोडले, कोकम टाकलं, पुन्हा दूध, पुन्हा पाणी. केळवणाची कढी टोपातून मोठ्या टोपात आणि मोठ्यातून पाहुण्यांच्या टोपात गेली. जेवायला दुपार टळून गेली, पण सगळे पोटभर जेवले. मुग्धा जाताना गळ्यात पडून म्हणाली, “मामी, मस्त झालं होतं,” आणि रस्त्यात प्यायला पाण्याची बाटली भरून घेतली. डब्यात उरलेले कच्चे तुकडे आई टाकू देईनात. ते त्या मुलुंडला घेऊन गेल्या आणि गावाकडे पावसाळ्याच्या बेगमीला खारवतात तसे गच्चीत कडकडीत वाळवले.

लग्न झकास झालं. नवरीच्या पोटाला काहीही झालं नाही. जेवणाच्या पंगतीत सुरेखाताई माझा हात धरून मला नव्या विहीणबाईंपाशी घेऊन गेल्या.

“ही माझी भावजय, वैशाली,” त्या म्हणाल्या. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “हिच्या हातचं पापलेट सहा-सहा महिने टिकतं हां!”

विहीणबाई आ वासून माझ्याकडे बघायला लागल्या. “अगंबाई! कुठल्या कंपनीचा फ्रिज आहे हो तुमच्याकडे?”

“फ्रिज साधाच आहे हो,” मी म्हणाले. “आणि चांगला चालतोय. थंड होत नाही ते माझं डोकं!”